घराएवढी गाडी आणि नकाशातले आकडे

मोटरहोमसाठी नेव्हिगेशन यंत्र निवडायला बसलं की जाहिराती पडद्याच्या आकारापासून सुरुवात करतात. सात इंच, आठ इंच, दहा इंच. त्याआधी मोजपट्टी घेऊन गाडीच्या टपावर चढलेलं बरं. युरोपातली बरीचशी मोटरहोम फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. कारखान्यातून आलेल्या बंद व्हॅनमध्येच आतून घर थाटलेलं असेल तर उंची साधारण 2.6 ते 2.7 मीटर भरते. सांगाड्यावर वेगळी खोली बांधलेली असेल तर ती तीन मीटरच्या आसपास जाते, आणि टपावर एसी किंवा टीव्हीची डिश असेल तर त्याहून थोडी वर. अंगाची रुंदी 2.3 मीटर, पण आरसे धरले तर अडीच मीटरच्या पुढे. लांबी सात मीटर, त्यातही मागच्या चाकांच्या मागे लटकणारा भाग बराच. साध्या मोटारीसाठी बनलेलं यंत्र यातलं काहीच विचारत नाही.

या यंत्रांचा मोठा बाजार ब्रिटन, पश्चिम युरोप आणि अमेरिकेत आहे. इथे आढावा घेतला आहे तो मुख्यतः ब्रिटन-युरोपचा. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही आता उन्हाळ्याच्या सुट्टीत, बरेचदा पुण्या-नाशिकहून आलेल्या आजी-आजोबांना सोबत घेऊन, आठवडाभरासाठी मोटरहोम भाड्यानं घेतात आणि स्कॉटलंडची वाट धरतात. विकत घेणाऱ्याचा आणि भाड्यानं घेणाऱ्याचा प्रश्न सारखा नाही. त्याकडे पुढे येऊच.

लोकांच्या मनात पहिली धास्ती असते ती पुलांची. केंब्रिजशरमधल्या स्टोनिया रोडवरचा रेल्वेपूल रस्त्यापासून जेमतेम दोन मीटर उंच आहे, आणि ब्रिटनमधल्या सर्वाधिक धडका खाणाऱ्या पुलांत त्याचं नाव वरचेवर येतं. देशभरात रेल्वेपुलांना वर्षाला दीड हजारांच्या वर वाहनं धडकतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावचा 11 फूट 8 इंचांचा पूल तर ट्रकांचे टप सोलून काढण्यासाठीच जगभर ओळखला गेला. 2019 साली तो उचलून 12 फूट 4 इंचांवर नेला, तरी धडकणारे धडकतच राहिले. मात्र अशा अपघातांत मोठा वाटा मालवाहू ट्रकांचा आणि उंच व्हॅनचा असतो. ब्रिटनमध्ये पुलाखालची मोकळी जागा 16 फूट 6 इंच, म्हणजे 5.03 मीटरपेक्षा कमी असेल तर पाटी लावतात. तीन मीटरचं मोटरहोम अशा पाटी लावलेल्या बहुतेक पुलांखालूनही आरामात जातं. त्याला अडवणारे पूल मोजके. अर्थात त्या मोजक्यांतल्या एकावर टप आपटला तर सहल तिथेच संपते, म्हणून उंचीची सूचना देणारं यंत्र हवंच. पण निव्वळ पुलांच्या भीतीनं सहाशे पौंड खर्च करणारा माणूस चुकीच्या संकटाशी लढायला निघालेला असतो.

रोजचा त्रास रुंदीचा असतो. डेव्हन आणि कॉर्नवॉलमधले गावरस्ते दोन्ही बाजूंच्या उंच मातीच्या बांधांमधून, त्यावरच्या झुडपांमधून जातात. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी शंभर मीटर रिव्हर्स घ्यायचा, आणि तो कुणीतरी बहुधा मोटरहोमवालाच असतो. शहरांत वेगळा प्रकार. जड वाहनांना गल्ल्यांत येऊ न देण्यासाठी रस्त्याच्या दोन बाजूंना लोखंडी खांब रोवून वाट सहा फूट सहा इंच किंवा सात फुटांपर्यंत आवळलेली असते. सात फूट म्हणजे 2.13 मीटर. 2.3 मीटरचं मोटरहोम तिथून जाऊच शकत नाही. आता या दोन अडचणींतला फरक बघा. खांबांपाशी अधिकृत पाटी असते, पाटी आहे म्हणून ती नकाशाच्या विदेत नोंदवलेली असते, आणि मोटरहोमचं यंत्र तिथून तुम्हाला नेत नाही. डेव्हनच्या बांधाला पाटी नसते. तिथे रस्ता किती रुंद आहे याचा आकडा कुठल्याच यंत्राकडे भरवशाचा नाही. पाच वर्षांत न छाटलेली झुडपं तर कुणीच मोजलेली नाहीत.

यंत्रांमधला खरा फरक समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करायला हवी. नेव्हिगेशनचा नकाशा म्हणजे रस्त्यांच्या लाखो तुकड्यांचं जाळं. प्रत्येक तुकड्याला लांबी, अपेक्षित वेग आणि काही निर्बंध चिकटवलेले: कमाल उंची, कमाल रुंदी, कमाल वजन, जड वाहनांना मनाई. तुम्ही गाडीची मापं भरली की यंत्र त्यात न बसणारे तुकडे जाळ्यातून वगळतं आणि उरलेल्यांतून सर्वांत कमी वेळाची वाट काढतं. गणित तसं जुनंच, 1959 साली डच गणितज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी मांडलेल्या पद्धतीच्या घराण्यातलं. ते सगळीच यंत्रं कमीअधिक सारखं करतात. मग एक यंत्र शहाणं आणि दुसरं वेडं का वाटतं? त्यांना मिळालेल्या निर्बंधांच्या नोंदी वेगळ्या म्हणून.

आणि त्या नोंदी गोळा करणारी घरं फारच थोडी आहेत. गार्मिनचे नकाशे हिअर या कंपनीकडून येतात. ती पूर्वी नोकियाच्या ताब्यात होती. 2015 मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइम्लर या जर्मन मोटार कंपन्यांनी मिळून ती घेतली. अ‍ॅमस्टरडॅमचं टॉमटॉम स्वतःचे नकाशे बनवतं, आणि सिजिकसारखी अ‍ॅप ते वापरतात. तिसरं घर ओपनस्ट्रीटमॅप, जिथे स्वयंसेवक गावोगावच्या पुलांची उंची स्वतः नोंदवतात. एका पट्ट्यात उत्साही माणूस असेल तर तिथली नोंद व्यापारी नकाशापेक्षाही चांगली सापडते, शेजारच्या परगण्यात मात्र काहीच नाही. दुकानात दिसणारे वीस डबे आणि फोनवरची दहा अ‍ॅप म्हणजे बव्हंशी या दोनतीन गिरण्यांच्या पिठाच्या भाकऱ्या. डब्याचा रंग, आवाज आणि बटणं यांवर ज्या गरमागरम चर्चा होतात, त्या ऐकताना हे लक्षात ठेवावं.

त्यातही हे निर्बंध गोळा झाले ते मुळात ट्रकांसाठी. मोटरहोमचं यंत्र म्हणजे ट्रकच्या यंत्राला दिलेला सहलीचा पोशाख. याचे परिणाम मजेशीर होतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲपलक्रॉसला जाणारा बेलख ना बा हा घाट समुद्रसपाटीपासून 626 मीटर चढतो. एकेरी रस्ता, हेअरपिन वळणं, मध्ये थांबायला छोट्या जागा. सुरुवातीला मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी पुढे जाऊ नये असा सल्ला. सल्ला, मनाई नव्हे. कायदेशीर बंदी नसल्यानं नकाशात निर्बंध म्हणून ती पकडली जाईलच याची खात्री नाही. 2015 मध्ये उत्तर स्कॉटलंडला वळसा घालणारा 516 मैलांचा ‘नॉर्थ कोस्ट 500’ मार्ग जाहीर झाल्यापासून या घाटात मोटरहोम अडकण्याच्या कहाण्यांना तोटा नाही, आणि शीलडेगहून किनाऱ्यानं जाणारा पर्यायी रस्ता असताना त्या घडतात. उलट उदाहरण यॉर्कशरचं. ए170 रस्त्यावरच्या सटन बँकच्या चढावर कॅराव्हॅनना साफ बंदी आहे, पण ओढून न्यायच्या कॅराव्हॅनना. स्वतः चालणाऱ्या मोटरहोमला नाही. यंत्रात गाडीचा प्रकार चुकून कॅराव्हॅन असा निवडला तर ते तुम्हाला विनाकारण लांबून फिरवेल. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट घाटाचा चढ तर तीनास एक आहे. तिथे मोटरहोम नेणाऱ्याला यंत्रानं नेलं की हट्टानं, हे नंतर कळून उपयोग नसतो.

उपग्रहांचा भाग मात्र आता सुटलेला प्रश्न आहे. अमेरिकेनं 2 मे 2000 रोजी जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून काही मीटरांपर्यंतची अचूकता सर्वांना मिळते. जोडीला युरोपची गॅलिलिओ, रशियाची ग्लोनास, चीनची बेइदू. ‘आमचं यंत्र चार यंत्रणा वापरतं’ या वाक्यासाठी जास्तीचा एकही पौंड देऊ नये. तुम्ही कुठे आहात हे सगळ्यांनाच कळतं. पुढचा रस्ता तुमच्या गाडीला पेलेल का, हा प्रश्न आहे.

मोटरहोमसाठी खास बनवलेली यंत्रं पाहू. गार्मिनची ‘कॅम्पर’ मालिका सात इंचांपासून दहा इंचांपर्यंत जाते, टॉमटॉमची ‘गो कॅम्पर’ आहे, ब्रिटनमध्ये स्नूपरची ‘व्हेंच्युरा’ही विकली जाते. किमती साधारण साडेतीनशे ते सहाशे पौंडांच्या पट्ट्यात. साधं मोटारीचं यंत्र याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतं. जास्तीच्या पैशात उंची, रुंदी, लांबी, वजन भरता येतं. गार्मिन पुढच्या तीव्र उताराची, तिखट वळणाची, आडव्या वाऱ्याच्या पट्ट्याची सूचना देतं. मुक्कामाच्या जागांची यादी आत भरलेली असते. ती कामाची, पण लवकर शिळी होते. पार्क-फॉर-नाइटसारख्या अ‍ॅपवर लोक रोज भर घालतात, त्याच्याशी डब्यातल्या यादीची बरोबरी होत नाही.

पडद्याबाबत एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ज्या मोटरहोमची समोरची काच बसच्या काचेसारखी सरळ उभी आणि अजस्र असते, त्यात काच चालकापासून हातभराहून लांब असते. व्हॅक्यूमच्या चकतीवर काचेला चिकटवलेल्या यंत्रापर्यंत बसल्या जागेवरून हात पोचत नाही. तिथे डॅशबोर्डवर पक्का स्टँडच लागतो, आणि मग दहा इंचांचा पडदा रस्त्याचा भाग झाकतो. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीचा नियम असा: चालकाच्या समोरच्या 290 मिलिमीटर पट्ट्यात, वायपर फिरतो त्या भागात, 10 मिलिमीटरपेक्षा जास्त अडथळा नको, बाकीच्या वायपरक्षेत्रात 40 मिलिमीटरपर्यंत चालतो. माझं मत सात किंवा आठ इंचांच्या बाजूनं आहे. दहा इंचांचं यंत्र टेबलावर शोभून दिसतं.

‘आजीवन नकाशे’ या शब्दाचा अर्थही नीट वाचून घ्यावा. आयुष्य तुमचं नव्हे, यंत्राचं, आणि ते किती हे कंपनी ठरवते. 2018 च्या सुरुवातीला टॉमटॉमनं आपल्या काही जुन्या यंत्रांना यापुढे नकाशे मिळणार नाहीत असं जाहीर केलं तेव्हा आजीवन हक्क विकत घेतलेल्यांचा संताप झाला होता.

आता फोन. गूगल मॅप्समध्ये गाडीची उंची किंवा वजन भरायची सोय नाही, वेझमध्येही नाही. वाहतूक कोंडी सांगण्यात ती दोन्ही इतकी पुढे आहेत की माणूस नकळत त्यांच्यावर विसंबतो, आणि ब्रिटनमधल्या गावरस्त्यात शिरलेली कितीतरी मोटरहोम अशीच शिरतात: पुढे हमरस्ता तुंबला, फोननं चार मिनिटं वाचवणारी वाट सुचवली. मापं भरता येणारी अ‍ॅप हवी असतील तर कोपायलट, सिजिकचं ट्रक व कॅराव्हॅनसाठीचं अ‍ॅप, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑसमअँड हे पर्याय. वार्षिक वर्गणी समर्पित यंत्राच्या किमतीच्या तुलनेत बरीच कमी. फोनवर नकाशे आधीच उतरवून ठेवायची मात्र सवय लावून घ्यावी. स्कॉटिश हायलँड्समध्ये तासन् तास सिग्नल नसतो, आणि ज्याची खरी गरज तिथेच लागते ते यंत्र नेमकं गप्प बसतं. उन्हात काचेला टेकलेला फोन तापून बंद पडतो हाही युरोपच्या दक्षिणेतला नेहमीचा अनुभव. शिवाय मार्च 2022 पासून ब्रिटनमध्ये गाडी चालवताना फोन हातात घेऊन जवळजवळ काहीही करणं गुन्हा आहे: 200 पौंड दंड आणि परवान्यावर सहा गुण. स्टँडमध्ये बसवलेला फोन चालतो.

तिसरा मार्ग डॅशबोर्डमध्येच बसणाऱ्या यंत्राचा. झेनेक, अल्पाइन, पायोनिअर यांची डुकाटोच्या खाचेत बसणारी, मोटरहोमचे नकाशे असलेली यंत्रं मिळतात. रेडिओ, मागचा कॅमेरा सगळं एकत्र. दिसायला देखणी, खर्च बसवण्यासह हजार पौंडांच्या वर सहज जातो, आणि नकाशे जुने झाले की ते बदलण्याचा खर्च वेगळा. गाडीत कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो आधीच असेल तर फोनवरचं मापं भरलेलं अ‍ॅप त्याच पडद्यावर दाखवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

इंग्लिश खाडी ओलांडली की प्रश्नाचा बाजच बदलतो. तिथे अडवतो तो कायदा. इटलीत फ्लोरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात परवानगीशिवाय शिरणाऱ्या वाहनांचे फोटो कॅमेरे टिपतात आणि महिन्यांनी घरी दंडाची पत्रं येतात. बर्लिनमध्ये 2008 पासून पर्यावरण क्षेत्र आहे. आत जायला काचेवर हिरवं चिकटपत्र लागतं. लंडनचं अतिकमी प्रदूषणाचं क्षेत्र 29 ऑगस्ट 2023 पासून महानगराच्या सगळ्या विभागांपर्यंत पसरलं, नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. ही क्षेत्रं टाळण्याची सोय बऱ्याच यंत्रांत आहे, पण ती चालू करावी लागते. यंत्राला तुमच्या इंजिनाचं वयही सांगितलेलं असावं लागतं.

वजनाचा काटा तर पावलोपावली. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटरहोमला ऑस्ट्रियात महामार्गाचं चिकटपत्र पुरतं, त्याहून जड असेल तर किलोमीटरनुसार पैसे मोजणारी ‘गो-बॉक्स’ बसवावी लागते. स्वित्झर्लंडमध्येही 40 फ्रँकचं चिकटपत्र साडेतीन टनांपर्यंतच. जर्मनीच्या ऑटोबानवर साडेतीन ते साडेसात टनांच्या मोटरहोमला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये हिशोब रिकाम्या गाडीच्या वजनावर: 3.05 टनांच्या वर असेल तर दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 मैल, मोटारींना मात्र 60. साध्या यंत्राच्या पडद्यावर 60 दिसत राहतं आणि चालक निर्धास्त असतो. माझ्या लेखी समर्पित यंत्राचं पुलांपेक्षाही मोठं मोल इथे आहे.

काही नियम तर यंत्रावरच आहेत. वेगाचे कॅमेरे आधी सांगणारी यंत्रं फ्रान्समध्ये 2012 पासून चालत नाहीत, म्हणून कंपन्या तिथे कॅमेऱ्याऐवजी ‘धोक्याचा पट्टा’ दाखवतात. स्वित्झर्लंडमध्ये ती सोय असलेलं यंत्र जवळ बाळगणंही महागात पडतं. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतानं 2019 च्या उन्हाळ्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं: सुट्टीच्या शनिवार-रविवारी महामार्ग तुंबला की यंत्रांच्या सांगण्यावरून गावांतून घुसणाऱ्या परगावच्या गाड्यांना पोलीस महामार्गावर परत पाठवू लागले. यंत्र वाट दाखवतं, पण गावकऱ्यांना ती वाट मान्य असायला हवी.

मुक्कामाच्या जागी पोचतानाचा शेवटचा मैल ही स्वतंत्र डोकेदुखी. ब्रिटनचा पोस्टकोड सरासरी पंधराएक पत्त्यांचा असतो. शहरात तेवढ्यानं दार सापडतं. खेड्यात तेच पंधरा पत्ते कित्येक शेतांवर पसरलेले असतात, आणि पोस्टकोड तुम्हाला ओढ्याच्या भलत्याच काठावर नेऊन सोडतो. अनेक कॅम्पसाइट आपल्या पत्रात स्पष्ट लिहितात की अमुक फाट्यानंतर यंत्राचं ऐकू नका. ते पत्र वाचावं. अक्षांश-रेखांश दिले असतील तर तेच भरावेत. म्हणून यंत्र घेताना त्यात अक्षांश-रेखांश किती सहज भरता येतात हे दुकानातच करून बघावं. काही यंत्रांत ते चार पानं आत दडलेलं असतं.

मापं भरताना गाडीच्या माहितीपुस्तकावर विसंबू नये. टपावर नंतर चढवलेल्या वस्तू त्यात नसतात. हवा भरलेल्या चाकांवर, सपाट जमिनीवर उभी करून स्वतः मोजावं, वर दहा सेंटिमीटर धरावेत. वाढवून वाढवून तीस धरले तर मात्र यंत्र चांगले रस्तेही वगळू लागतं. ब्रिटिश पाट्यांवर फूट-इंच आणि मीटर दोन्ही असतात, जुन्या पाट्यांवर फक्त फूट-इंच. म्हणून दोन्ही आकडे लिहिलेली चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावी. कमानीच्या पुलांवर लाल त्रिकोणाची पाटी असते, तिथली उंची फक्त मधल्या भागातली; कडेनं गेलं तर टप कमानीला लागतो. हे यंत्र सांगत नाही.

भाड्यानं आठवडाभर घेणाऱ्यानं समर्पित यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही. आधी भाड्यानं देणाऱ्याला विचारावं, गाडीत असतंच कधीकधी. नसलं तर महिन्याच्या वर्गणीचं अ‍ॅप, आणि आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा मार्ग कागदी नकाशावर डोळ्याखालून घालणं. आजोबांना हे काम द्यावं, त्यांना ते आवडतं. 2.7 मीटरच्या आतली, साडेतीन टनांखालची व्हॅन स्वतःची असेल तरी फोनवर भागतं. तीन मीटरच्या वरचं किंवा साडेतीन टनांच्या वरचं मोटरहोम घेऊन जो दरवर्षी युरोप पालथा घालतो, त्यानं समर्पित यंत्र घ्यावं आणि वाहतुकीच्या बातमीसाठी फोन सहचालकाच्या हाती ठेवावा. दोन्ही वेगवेगळं सांगू लागले तर मापं माहीत असलेल्याचं ऐकावं.

वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. त्या मॉडेलला नकाशे अजून मिळतात का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावं. दुसरी गोष्ट तारखेची. जीपीएस आठवडे मोजतं आणि 1024 झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होतं. असा फेरा 6 एप्रिल 2019 ला आला, आणि ज्या जुन्या यंत्रांना त्याआधी दुरुस्ती मिळाली नाही, त्यांतल्या काहींच्या तारखा आणि पोचण्याच्या वेळा बिघडल्या. यंत्र उघड्यावर चालू करून पडद्यावरची आजची तारीख आणि वेळ बरोबर दिसते का ते बघावं. चुकीची दिसली तर पैसे खिशातच राहू द्यावेत.